क्रूझर, व्हय म्हाराजा!

माणसानं आयुष्यात एकदा तरी फक्त स्वतःसाठी काहीतरी घ्यावं, असं ज्यानं कोणी सांगितलं तो आमच्या वाडीत राहत नसणार. आमच्या वाडीत कोणी नवी चप्पल आणली तरी ती आधी चार जणांच्या पायांत जाऊन येते आणि "तुका ही बरी नाय दिसत" असा निकाल लागून मग मालकाकडे परत येते. अशा ठिकाणी राहून मी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं. तेही गुपचूप नव्हे, चांगलं बोलून दाखवून.

आता कोणी विचारील, स्कूटर होती ना? होती. पण त्या स्कूटरवर मी एकटा असा कधी बसलोच नाही. पायांत गॅसचा सिलिंडर, मागं बायको सावित्री, सावित्रीच्या मांडीवर फणस, आणि मुलगा कौस्तुभ लहान असताना पुढं उभा. कौस्तुभ मोठा होऊन पुण्याला नोकरीला गेला, तर त्याच्या जागी तांदळाचं पोतं आलं. स्कूटरवरचा नवरा हा सामानाचाच एक भाग असतो. म्हणून माझ्या मनात एवढंच होतं की एक गाडी अशी असावी, जिच्यावर मी बसावं, एकट्यानं बसावं, रविवारी वेंगुर्ल्यापलीकडे रेडीला जावं, यशवंतगडाजवळ उभं राहून समुद्र बघावा आणि परत यावं.

"समुद्र काय मालवणाक नाय?" सावित्रीनं विचारलं.

आहे. पण मालवणच्या समुद्रासमोर दोन मिनिटं उभं राहिलं की कोणीतरी खांद्यावर हात ठेवून "आज सुरमय कशी मिळाली?" असं विचारतंच. मी तिथल्या एका पतसंस्थेत हेडक्लार्क आहे. सगळं मालवण मला ओळखतं. ज्या समुद्रासमोर माणसाला गप्प उभं राहता येत नाही, तो समुद्र काय कामाचा?

मालवणात अरशदचं मोटरसायकलींचं दुकान आहे. अरशद माझा शाळेतला बाकमित्र. त्यानं मला दोन गाड्या दाखवल्या आणि दोन्हींतला फरक समजावून सांगितला. एक स्पोर्ट्स. तिच्यावर पुढं वाकून, शर्यतीला निघाल्यासारखं बसायचं. दुसरी क्रूझर. तिच्यावर पाय पुढं टाकून, पाठ ताठ ठेवून, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं बसायचं.

"तू क्रूझर घे," अरशद म्हणाला. "तुझ्या अंगाक ती बरी."

माझ्या अंगाचा उल्लेख करायची काही गरज नव्हती. त्यात संध्याकाळी कौस्तुभचा फोन आला. "पप्पा, क्रूझर म्हणजे रिटायर माणसांची गाडी. घ्यायची तर स्पोर्ट्स घ्या." झालं. निवृत्तीला अजून बरीच वर्षं असलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं? दुसऱ्याच दिवशी मी अरशदच्या दुकानात जाऊन म्हटलं, "स्पोर्ट्स काढ. फेरी मारून बघतंय."

अरशदनं माझ्याकडे एकदा पाहिलं, गाडीकडे एकदा पाहिलं, किल्ली दिली आणि पहिल्या गियरवरच फिरायला बजावलं.

स्पोर्ट्स गाडीवर बसायचं म्हणजे आधी तिच्या टाकीवर झोपायचं. माझ्या बाबतीत टाकी आणि मी यांच्यामध्ये माझं पोट आलं, ते टाकीवर नीट टेकलं आणि मला वाटलं, वा, हे तर उशीसारखं झालं. भरड नाका ओलांडून बाजारात शिरेपर्यंत मी खुशीत होतो. दुकानांच्या काचांत स्वतःला बघत होतो, हेही कबूल करतो. पुढं मासळी बाजाराच्या वळणावर एसटी अडकली होती. तिच्यापुढं रिक्षा आणि रिक्षापुढं पर्यटकांची एक मोटार. मी ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकले आणि कमरेत काहीतरी कट्टकन वाजलं.

मी वाकलेला होतो तो वाकलेलाच राहिलो. मानही वर होईना.

"काय पडला ओ तुमचा?" शेजारच्या मासळीवालीनं विचारलं.

मी खाली मान घालून होतो, त्यामुळे माझं काहीतरी पडलंय आणि मी ते शोधतोय असं तिला वाटलं. मी "काय नाय, काय नाय" म्हणालो, ते तिनं "काय मिळत नाय" असं ऐकलं. ती उठली आणि माझ्याबरोबर रस्त्यावर शोधू लागली. तिला बघून दुसरी आली. रिक्षावाला उतरला. कोणी म्हणालं, किल्ली पडली असेल. कोणी म्हणालं, आंगठी. एसटीचा कंडक्टर चाकाखाली वाकून बघायला लागला. मला मदत करणाऱ्या त्या सगळ्या सज्जनांची फक्त पावलं मला दिसत होती, आणि मी त्या पावलांना कळवळून सांगत होतो की काहीही पडलेलं नाही, माझी कंबर धरली आहे. शेवटी दोघी मासळीवाल्यांनी मला दोन्ही बाजूंनी काखेत धरून उचललं आणि उलट्या टोपलीवर बसवलं. अरशद धावत आला तेव्हा माझ्या शर्टाच्या दोन्ही बाह्यांवर खवले चमकत होते.

"ह्या माणसाक आरामाची गाडी दी रे," ती पहिली मासळीवाली अरशदला म्हणाली. असा त्या प्रश्नाचा निकाल भर बाजारात, माझं मत न घेता लागला.

खरी चूक मी यानंतर केली.

कंबर सरळ झाल्यावर एका संध्याकाळी मी लवूकाकांच्या दुकानात उभा होतो. लवूकाका म्हणजे आमच्या वाडीचे जाणते. किराणाही विकतात आणि देवळात गाऱ्हाणंही घालतात, आणि दोन्हीकडे आवाज एकच लावतात. त्यांनी विचारलं, "काय ठरला मगे गाडयेचा?" मी जरा छाती काढून म्हटलं, "ठरला. क्रूझर घेतंय."

लवूकाका गल्ल्यावरून उतरून बाहेर आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पुण्या-मुंबईच्या मोटरसायकलवाल्यांत क्रूझर म्हणजे काय असेल ते असो, आमच्याकडे क्रूझर म्हणजे वडापची, माणशी भाडं घेऊन धावणारी जीप. आत समोरासमोर बाकडी, मागं दार, टपावर सामान आणि दाराला लोंबकळणारी दोन माणसं. आमच्या वाडीला येणारी संध्याकाळची एसटी हल्ली फाट्यावरूनच वळते. तिथून पुढं बायामाणसं डोक्यावर बाजार घेऊन चालत येतात. त्यामुळे मी "क्रूझर" म्हणताच लवूकाकांच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र मीच होतो, पाय पुढं टाकून बसलेला. मला वाटलं, म्हाताऱ्याला माझं कौतुक वाटतंय. मीही थोडा हळवा झालो.

पुढचे काही दिवस वाडी माझ्याशी फार गोड वागली. कोणी सोलं आणून दिली, कोणी काजूगर. शेवंती आते, म्हणजे आमच्या शेजारची, जी एरवी मला "मेल्या" याशिवाय हाक मारत नाही, ती येऊन म्हणाली, "सुदेश, माझ्या झिला, माका खिडकीकडची जागा ठेय हां. वळणार माका उलटी येता." मोटरसायकलला खिडकी कुठली? मला वाटलं, आते थट्टा करतेय. मीही "ठेवतंय, ठेवतंय" म्हणून हसलो.

मग सोमवारी लवूकाका मला रवळनाथाच्या देवळात घेऊन गेले. नवीन गाडी घ्यायची म्हणजे देवाला सांगायलाच हवं. मानकरी जमले, वाडीही बरीच जमली. गाऱ्हाणं ऐकताना आपण काय करतो, ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुढचा माणूस देवाला एकेक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपण सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतो. हे आपण ऐकून म्हणत नाही. पुढच्याचा आवाज खाली आला की आपला वर जातो. लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं ते. झोपेत कोणी "रे म्हाराजा" म्हटलं तर मी झोपेत "व्हय" म्हणेन.

लवूकाकांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, आज तुझ्या ह्या लेकरान, सुदेशान, क्रूझर घेवचो मनसुबो केल्यान हा, तो तडीस ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी सगळ्यांत जोरात म्हणालो.

"तेच्या क्रूझरीत वाडयेच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांका, दुखण्या-खुपण्याच्या माणसांका आणि बाजाराक जाणाऱ्या बायलांका बसवून न्हेवची-हाडूची बुद्धी तेका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि टपार ठेवलेला कोणाचा सामान वाटेत पडा नये, अशी राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात तो शब्द शिरला. टपार. मोटरसायकलला टप नसतो. मी डोळे उघडले. सगळी वाडी हात जोडून माझ्याकडे बघत होती, आणि शेवंती आते खिडकीकडची जागा मिळाल्यासारखी समाधानानं उभी होती.

बाहेर आल्यावर मी लवूकाकांना दोन चाकांची गोष्ट सांगायला लागलो. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "आता देवाच्या कानार गेला ता गेला. तूच व्हय म्हटलंस." घरी सावित्री कपाळाला हात लावून बसली. "तुमका बघून-ऐकून व्हय म्हणूक काय झाला होता?" मी म्हटलं, अगो, तिथं कोण ऐकतं? ती म्हणाली, "देव ऐकता."

यानंतर लोक फक्त सल्ले द्यायला येऊ लागले. पडदे निळे लावा, धूळ दिसत नाही. मागच्या काचेवर 'रवळनाथ कृपा' लिहा, पण अक्षर ठळक. गाणी लावलीत तर भजनंच लावा, पोरं बिघडतात. एकानं तर गाडीच्या वेळाही ठरवून आणल्या, मला कचेरीत कधी पोचायचं असतं हे न विचारताच. मी प्रत्येकाला सांगत होतो की माझी क्रूझर दोन चाकांची आहे. प्रत्येक जण "व्हय, व्हय" म्हणत होता. आमच्याकडे "व्हय" म्हणणं किती स्वस्त आहे, याचा अनुभव मी आधीच घेतला होता.

निदान सरकारदरबारी तरी माणसाचं ऐकून घेतील, या आशेनं मी परवान्याच्या कचेरीत गेलो. तिथं कळलं की माझा परवाना बिनगियरच्या स्कूटरचा आहे. म्हणजे इतकी वर्षं संसाराचा सगळा भार वाहूनही सरकारच्या हिशेबी मी अजून गाडी शिकायचाच होतो. मी अपमान गिळला आणि म्हटलं, नवीन काढून द्या.

"वाहन कोणतं?" खिडकीतल्या साहेबांनी शुद्ध मराठीत विचारलं.

आणि माझी जीभ, जिला आतापर्यंत अक्कल यायला हवी होती, म्हणाली, "क्रूझर."

"मग इथं नाही. पलीकडची खिडकी. प्रवासी वाहतूक. बॅज काढावा लागेल, खाकी शर्ट शिवून घ्या."

"अहो, दोन चाकांची क्रूझर!" मी ओरडलो.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दोन चाकांवर क्रूझर चालत नाही," ते शांतपणे म्हणाले. "उलटते."

रांगेतली माणसं हसली. अखेर मी 'मोटरसायकल' हा शब्द उच्चारला आणि शिकाऊ परवाना घेऊन घरी आलो. अरशदनं मला त्याची जुनी गाडी शिकायला दिली. तिच्यावर लाल अक्षरातला 'एल' लावून मी वाडीत नीट गियर टाकायला शिकलो. वाडीला त्याचंही कौतुक. "मोठी गाडी चलवची तर आधी लहान शिकाक व्हयीच," असं लवूकाका पारावर सांगत होते.

आता मला एकच मार्ग दिसत होता. ज्या देवासमोर मी बांधला गेलो होतो, त्यानंच मला सोडवायला हवं होतं. मी लवूकाकांकडे गेलो आणि म्हटलं, कौल लावा. एकट्यासाठी दोन चाकांची गाडी घेऊ का, एवढंच देवाला विचारा. आणि या वेळी त्यांचे दोन्ही हात मी धरले. म्हातारा म्हणाला, "तुका येवढी व्हयी आसा ती? मगे आधीच सांगूचा मा." आधी! मी काय करत होतो इतके दिवस?

कौल म्हणजे देवाच्या ओल्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं पाकळ्या लावल्या. लवूकाकांनी देवाला विचारलं. सगळी वाडी श्वास रोखून उभी राहिली, आणि दोन्ही पाकळ्या एकदम उडून गुरवाच्या डोक्यावर जाऊन बसल्या. देवळाला नुकताच कोणी मुंबईकरानं पंखा दिला होता, तो जोरात चालू होता. हा देवाचा कौल की पंख्याचा, यावर चांगलाच वाद झाला. शेवटी पंखा बंद करून पुन्हा पाकळ्या लावल्या. घामाच्या धारा लागल्या. देव काही बोलेना. "इचार करता तो," लवूकाका कुजबुजले. मी डोळे मिटून घेतले. काहीतरी पडल्याचं लोकांच्या श्वासांवरून कळलं.

उजवी पडली होती.

कोणी रागावलं नाही. लवूकाका एवढंच म्हणाले, "देवान दिल्यान. गाडी तुझी एकट्याची, तुका एकट्याक." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. मला इतकं हलकं वाटलं की मी देवळाच्या पायरीवर जरा बसलोच.

पक्का परवाना मिळाला आणि गाडी आली. काळी, चकचकीत, ऐसपैस बसायची. अरशदनं नारळ फोडला. पहिल्याच रविवारी मी रेडीला गेलो. परुळ्याच्या चढावर काजूच्या बागा, मग वेंगुर्ला, मग लाल रस्ता. यशवंतगडाजवळ उभा राहिलो. खाली बंदरात बोटीत खनिज भरत होते. समुद्र होता तसाच होता, पण मला कोणी सुरमईचा भाव विचारला नाही. फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

कठीण झालं ते परत आल्यावर. आमची वाडी देवाचा शब्द अक्षरशः पाळते. गाडी एकट्याची म्हणजे एकट्याची. मी येताना दिसलो की बायका रस्त्याच्या कडेला होऊन पालखीला द्यावी तशी वाट देत. पोरं हात लावायला आली की आया ओढून नेत. कोणी "केवढ्याक पडली?" म्हणून विचारलं नाही. कोणी "रंग बरो नाय" म्हणालं नाही. आमच्या वाडीत! जिथं माझ्या चपलेवरही मतं पडतात तिथं! मी मुद्दाम पाराजवळ गाडी उभी करून फडक्यानं पुसत बसायचो. लोक माझ्याशी पावसाबद्दल बोलत, भाताबद्दल बोलत, आणि गाडी जणू तिथं नाहीच असं वागत. अरे, निदान वाईट तरी म्हणा!

सावित्रीही बसेना. फाट्यावरून भाजीची पिशवी घेऊन ती चालत येताना मी तिच्या शेजारून गाडी हळू नेत म्हणायचो, "बस गो." ती पुढं बघत म्हणायची, "तुमका एकट्याक दिल्यान हा. देवाचा मोडूचा नाय." मी रेडीला दोनदा आणखी गेलो. तिसऱ्यांदा समुद्रासमोर उभा होतो तर एक माणूस जवळून गेला. मी त्याला आपणहून सांगितलं, आज मालवणात सुरमई स्वस्त होती. तो पर्यटक होता. त्यानं मला आपला मोबाइल देऊन फोटो काढायला सांगितला.

त्या दुपारी परत येताना फाट्यावर शेवंती आते दिसली. डोक्यावर बांगडे भरलेली मासळीची टोपली, पदर तोंडावर, ऊन मी म्हणत होतं. मी गाडी थांबवली.

"आते, बस."

"नको रे बाबा. देव कोपात."

"कोपाचो नाय. बस."

"तुका एकट्याक दिल्यान हा ती. माझा काय, मी चालान जातंय."

"आते," मी म्हटलं, आणि गाडीवरून उतरलो. "पाया पडतंय तुझ्या. बस."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बहुधा देवाच्या कोपापेक्षा माझा चेहरा तिला जड गेला असावा. मग तिनं टोपली माझ्या हातात दिली, पदर खोचला, दोनदा सीटवरून घसरली, दोन्ही वेळा दोष सीटला दिला आणि अखेर बसली. टोपली मांडीवर घेतली आणि दुसऱ्या हातानं माझा शर्ट मुठीत धरला.

बसल्यापासून ती बोलायला लागली. सीट निसरडी हा. पाय ठेवूक काय जागाच नाय. रंग काळो कशाक घेतलंस, तापता. आरसो वाकडो हा. आणि येवढो आवाज, म्हातारो माणूस असतो तर मेलो असतो. असल्यो गाडयो काय घेतत, चार चाकांची घेतलंस असती तर वाडयेन तुका डोक्यार घेतल्यान असता. माझ्या पाठीवर बांगड्यांचं पाणी गळत होतं. इतक्या दिवसांत कोणीतरी पहिल्यांदा माझ्या गाडीबद्दल बोलत होतं.

वाडीचं वळण आलं. मी वळलो नाही. गाडी सरळ समुद्राच्या रस्त्याला घातली.

"मेल्या, वळाण मागे ऱ्हवला!" आते पाठीत गुद्दा घालत ओरडली. "खंय न्हेतस माका? माझे बांगडे कुसतीत!"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. ती आणखी बरंच बोलली. माझ्या आजोबांपर्यंत पोचली. मग झाडी संपली, समुद्र दिसायला लागला, वारा आला आणि तिनं माझ्या शर्टावरची मूठ सैल केली.

"सुदेश," ती मागून म्हणाली, "वायच जोरात घे रे."